काळ्या काचांच्या आधीच्या मालकांस

माननीय भाऊ,



पत्र खुलं लिहिते आहे, कारण तुमचा फोन लागत नाही. गाडीचा व्यवहार होईपर्यंत तो पहिल्या रिंगला उचलला जायचा. टोकनचे पैसे पोचले त्या दिवशी तर तुम्हीच उलट फोन करून ‘ताई, मिळाले बरं का’ म्हणून कळवलंत. तुमचं नाव लिहीत नाही. कल्याणात एमएच ०५ पासिंगची, पांढरी, काचा काळ्या केलेली छोटी गाडी विकून मोकळे झालेले गृहस्थ पुष्कळ असतील. ज्याला हे पत्र आपलं वाटेल त्याने ते आपलंच समजावं.

आधी आभार मानते. गाडीबरोबर तुम्ही दोन चाव्या दिल्यात, त्यातली एक चालते. स्टेपनी दिलीत. डॅशबोर्डवरचा गणपती दिलात, तो मी ठेवून घेतला आहे, त्याचा यात काही दोष नाही. आणि या सगळ्यावर पाच काचांचा अंधार दिलात, शिवाय पुढच्या काचेवर वरून वीतभर काळा पट्टा. हा अंधार तुम्ही फुकट दिला नव्हता. भाव करताना तुम्ही त्याचे वेगळे पैसे लावले होते. ‘फिल्म ओरिजिनल आहे ताई, अजिबात काढू नका,’ असं बजावलंत. ‘नेरळला ऊन किती असतं, तुम्हाला माहिती आहेच. आणि गाडी लेडीज चालवणार म्हटल्यावर काळ्या काचा बऱ्याच. कोण बसलंय ते कळत नाही.’ मग आवाज जरा खाली आणून तिसरं कारण सांगितलंत: ‘रोडवर वजन पडतं.’

मी शाळेत शिकवते. एखाद्या मुलाने गृहपाठ न केल्याची तीन कारणं दिली की खरं कारण तिसरं असतं, एवढं मला या नोकरीने शिकवलं आहे. तरी तिन्ही कारणं मी प्रामाणिकपणे तपासून पाहिली.

पहिलं ऊन. आमच्याकडे ऊन असतं हे खरं. कर्जत पट्ट्यात एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो आणि समुद्राचा वारा डोंगराअलीकडे येईपर्यंत दमलेला असतो. शाळा सुटल्यावर गाडीचं दार उघडलं की आतली हवा अंगावर येते. तुमच्या फिल्मने त्यात कमी काय झालं ते मी पूर्ण मे महिना शोधत होते. उन्हातून येणाऱ्या ऊर्जेतला जवळपास निम्मा भाग डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांचा असतो. काळा रंग दिसणारा उजेड अडवतो. तो न दिसणारी उष्णता अडवेलच, असं काही नाही. उष्णता परतवणाऱ्या चांगल्या फिल्म असतात. त्यातल्या काही जवळजवळ पारदर्शक असतात, आणि महाग असतात. तुमची रस्त्याकडेच्या दुकानातली रंगवलेली फिल्म उजेड पिऊन स्वतःच तापायची आणि तापलेली काच माझ्या उजव्या खांद्याला चिकटून बसायची. थोडक्यात, मला दिसत नव्हतं आणि उकडतही होतं. दोन्ही सोयी एकाच पैशात.

शिवाय ती काळी तरी राहिली होती का? रंगवलेल्या स्वस्त फिल्ममधला रंग उन्हाने विरतो, हे दुकानदाराने तुम्हाला सांगितलं नसावं. चालकाच्या बाजूची काच जांभळी झाली होती. मागची सगळीकडे फुगून आली होती, तळणीतून नुकत्या काढलेल्या पापडासारखी. आतला डिंक सुटला की हवा शिरते आणि फिल्म बुडबुडे धरते. मागून येणारी दुचाकी प्रत्येक बुडबुड्यात वेगळी दिसायची. नेरळच्या बाजारात गाडी मागे घेताना माझ्या मागे नक्की किती रिक्षा आहेत, एक की चार, हे ठरवण्यासाठी मला खाली उतरावं लागायचं.

आता दुसरं कारण, लेडीज. माझ्या सुरक्षेची काळजी वाहिल्याबद्दल मनापासून धन्यवाद. फक्त थोडी उलटी माहिती तुमच्यापर्यंत पोचली आहे. काळ्या काचांचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं ते बायकांना काळ्या काचांचा आधार वाटतो म्हणून नव्हे. अविषेक गोयंका यांनी जनहित याचिका केली, तिच्यात म्हणणं असं होतं की काळ्या काचांच्या गाड्यांत गुन्हे होतात, बायकांवर अत्याचार होतात, आणि बाहेरच्या कुणाला काही दिसत नाही. चालत्या गाडीत कोणी ओरडत असेल तर ते रस्त्यावरच्या माणसाला दिसावं, ही त्यातली साधी गोष्ट. सरन्यायाधीश कपाडिया यांच्या पीठाने २७ एप्रिल २०१२ रोजी निकाल दिला: ४ मे २०१२ पासून गाडीच्या काचांवर कुठल्याही टक्क्याची काळी फिल्म किंवा दुसरं काही चिकटवायचं नाही. पोलिसांनी नुसती पावती फाडून थांबायचं नाही, फिल्म तिथल्या तिथे काढायला लावायची, असंही सांगितलं. निकालानंतर मुंबईत चौकाचौकात पोलीस काचा सोलत होते. कल्याण काही परदेशात नाही. तुमच्या गाडीचा जन्मच त्यानंतरचा. म्हणजे काळ्या काचा आधीपासून होत्या, काढायच्या राहून गेल्या, अशी सोयही तुम्हाला नाही. तुम्ही बंदी लागू झाल्यानंतर काही वर्षांनी, पूर्ण विचारांती, पैसे मोजून त्या करवून घेतल्या.

न्यायालयाने एक फट मात्र ठेवली होती. झेड आणि झेड प्लस सुरक्षा असलेल्यांना सूट मिळू शकते, तीही पोलीस महासंचालक किंवा आयुक्त आणि गृहसचिव यांच्या समितीने मंजूर केली तर. तुम्ही दिलेल्या कागदांत आरसी आहे, विमा आहे, पीयूसी आहे. समितीचं पत्र काही सापडलं नाही. सीटखालीही हात घालून पाहिला. तिथे सुपारीची दोन रिकामी पाकिटं आणि एका हळदीकुंकवाची पत्रिका निघाली, पण गृहसचिवांची सही कशावरच नव्हती. पत्र घरी विसरलं असेल तर पाठवा.

तुम्ही वाचणारे दिसता म्हणून (गाडीत जुने पेपर भरपूर होते, काचा पुसायला उपयोगी पडले) तुमची बाजूही मांडते. मूळ नियम १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला, शंभरावा. पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के उजेड आत आला पाहिजे, बाजूच्या काचांतून ५० टक्के. २०२१ च्या एप्रिलपासून या नियमात दुरुस्ती झाली आणि काचेबरोबर प्लास्टिकचा थर असलेल्या ‘सेफ्टी ग्लेझिंग’ला जागा मिळाली. त्याच्या आधारे केरळ उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये म्हटलं की ७० आणि ५० ची मर्यादा पाळणारी फिल्म असेल तर दंड करता येणार नाही. त्या याचिकाकर्त्यांत आपली गरवारे हाय-टेक फिल्म्सही होती. तासगावात जन्मलेल्या ज्या आबासाहेब गरवाऱ्यांनी तो उद्योगसमूह उभा केला, त्यांची धंद्यातली सुरुवातच जुन्या मोटारींच्या खरेदी-विक्रीपासून झाली होती. तेव्हा जुनी गाडी विकणं या धंद्याबद्दल मला आदर आहे, हे नमूद करते.

पण केरळच्या निकालाचं छत्र घ्यायला आधी हिशोब जमला पाहिजे. तो मी सातवीच्या मुलांना फळ्यावर घालून दिला. गाडीची साधी काचच समजा ७५ टक्के उजेड आत सोडते. तिच्यावर ५० टक्केवाली फिल्म लावली तर आत किती येईल? निम्म्या मुलांनी ५० सांगितलं. एकीने बरोबर सांगितलं: साडेसदतीस. पंच्याहत्तराचे निम्मे. म्हणजे दुकानदार ज्याला ‘फिफ्टीवाली, कायद्यातली’ म्हणून विकतो तीही लावताच कायद्याबाहेर जाते. आणि तुमची फिल्म कायद्यातली असल्याचा दावा तर दुकानदारानेही केला नसेल. संध्याकाळी सातनंतर तिच्यातून डाव्या बाजूचा आरसा शोधावा लागे. आरसा आहे याची आठवण होती म्हणून तो तिथे आहे असं मी धरून चालायचे.

आता आमचा भूगोल सांगते, कारण गाडी विकताना तुम्ही माझा पत्ता तीनदा विचारला होता, पण रस्ता विचारला नव्हता. माझी मावशी माथेरानात राहते. वर गावात खासगी मोटार चालत नाही; नेरळहून घाट चढायचा, दस्तुरीला गाडी लावायची आणि पुढे पायी, घोड्यावर किंवा अमन लॉज स्टेशनहून झुकझुक गाडीने. हा घाट अंतराने थोडका आणि वळणांनी भरपूर. चढ असा की पहिल्या गिअरशिवाय काही वळणं जमत नाहीत. त्यावर दिवसभर नेरळच्या टॅक्सीवाल्यांच्या व्हॅन खालीवर करत असतात. त्यांना प्रत्येक वळण पाठ आहे आणि समोरच्याला ते पाठ नसेल अशी शंकाही त्यांना येत नाही.

या घाटात हॉर्न कमी आणि नजर जास्त चालते. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा डोंगरातल्या रस्त्याचा नियम पुस्तकातही आहे. पण प्रत्यक्षात कुणी कुठे थांबायचं, कोणी कठड्याला घासून उभं राहायचं, हे दोन चालक एकमेकांकडे बघून ठरवतात. मान हलते, दोन बोटं स्टिअरिंगवरून उचलली जातात, काम होतं. माझ्या गाडीत त्यांना कोणी दिसतच नव्हतं. एका टॅक्सीवाल्याने शेवटी उतरून काचेवर टकटक केली. मी काच खाली केली. ‘अहो बाई, तुम्ही आहात होय! मला वाटलं गाडी हँडब्रेकवर सोडून कोण खाली उतरलंय.’ हे पुढे दस्तुरीच्या स्टँडवर सगळ्यांना सांगून झालं आहे. माझ्या वजनात त्याने किती भर पडली असेल, तुम्हीच अंदाज करा.

पाऊस सुरू झाला आणि उरलंसुरलं सगळं उघड झालं. जून संपता संपता घाटात धुकं उतरतं. माझ्या गाडीला वायपर फक्त पुढच्या काचेला आहेत. बाजूच्या काचेवर बाहेरून पाणी, आतून वाफ आणि मध्ये तुमची कृपा. वळणावर उजवीकडे कठडा आहे की दरी, ते पाहायला मला काच पूर्ण खाली करावी लागायची. पाऊस सरळ आत. मी एकदा मावशीकडे अशी पोचले की तिने विचारलं, गाडी घेतलीस ना गं, मग चालत का आलीस?

शेवटी एका रविवारी ठरवलं, फिल्म काढायची. कुठल्याही दुकानात गेले असते तर दोन तासांत काम झालं असतं. पण कर्जतच्या एका दुकानदाराने काढण्याची जी किंमत सांगितली ती तुम्ही लावण्याची सांगितलेल्या किमतीच्या फार खाली नव्हती. वर तो म्हणाला, ‘बाई, काढल्यावर नवीन टाकायची असेल तर काढणं फ्री.’ या धंद्याचा आत्मा त्या एका वाक्यात होता. मी भाच्याला बोलावलं.

तुम्ही ही फिल्म लावताना बाहेर चहा पीत बसला असाल. ती निघते कशी हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. ऐका. ही पॉलिएस्टरची पातळ पापुद्र्यांची चादर असते, एका बाजूला डिंक, तो काचेच्या आतल्या अंगाला चिकटवलेला. थंड असताना ओढली तर ती नखाएवढ्या तुकड्यांत फाटते आणि डिंक सगळा काचेवरच राहतो. गरम केली की डिंक मऊ होतो. शहरात लोक त्यासाठी वाफेचं यंत्र आणतात, हीट गन आणतात. आमच्याकडे पावसाची उघडीप मिळाली की दुपारी बाराचं ऊन फुकट मिळतं. ते कमी पडलं तिथे भाच्याच्या बहिणीचा केस वाळवायचा ड्रायर बाहेरून काचेवर धरला. केसांना तो कमी वापरला जातो म्हणून ती तक्रार करत होती, ती मिटली.

आधी दारांच्या आतल्या पत्र्यावर, काच वरखाली करायच्या बटणांवर, स्पीकरवर जुने टॉवेल अंथरले, म्हणजे पाणी आत जाऊ नये. मग काच दोन बोटं खाली केली. फिल्मची वरची कड रबराच्या बाहेर आली. कोपऱ्याला नखाने, नख हरलं तिथे ब्लेडच्या टोकाने उचललं, आणि दोन हातांनी सावकाश, काचेला जवळ जवळ टेकून, खाली ओढत आणलं. सावकाश हा शब्द भाच्याच्या शब्दकोशात नाही. पहिल्या दाराची फिल्म त्याने एका झटक्यात ओढली आणि अर्धी हातात, अर्धी काचेवर राहिली. दुसऱ्या दारापासून त्याला समजलं. तिसऱ्या दाराची अख्खी एका तुकड्यात निघाली तेव्हा त्याने ती अंगणात उभं राहून शेजाऱ्यांना दाखवली.

डिंक मात्र राहिला. तो राहतोच, भाऊ. चिकटवणाऱ्याला तो कधी दिसत नाही. साबणाच्या पाण्याचा फवारा, काच सतत ओली, ब्लेड अगदी आडवं धरून एकाच दिशेने खरवडायचं, मागेपुढे नाही. मध्ये कचरा अडकला की काचेवर ओरखडा. भाच्याने मोबाइलवर पाहून अमोनिया आणायचं सुचवलं, काळी पिशवी लावून उन्हात ठेवायचं म्हणाला. तो उपाय खरा आहे आणि काम करतो, पण बंद गाडीत तो वास घेऊन पुन्हा त्या सीटवर बसायचं मला जमलं नसतं. शिवाय डॅशबोर्ड आणि सीटचं कापडही त्याने खराब होऊ शकतं. आम्ही शाम्पूवर भागवलं. डिंकाच्या थरात काय काय निघालं, ते तुमच्या माहितीसाठी: एक डास, पंख पसरलेला, पूर्ण, दोन लांब केस, कुणाचे ते विचारत नाही, आणि दुकानातल्या पोराच्या अंगठ्याचा ठसा, इतका स्पष्ट की पोलिसांना कामी यावा.

मागची काच शेवटी ठेवली होती. तिथे ब्लेड चालत नाही. आतल्या अंगाला ज्या आडव्या तपकिरी रेघा दिसतात त्या नक्षी नसतात. त्या काच तापवून वाफ घालवणाऱ्या तारा असतात, काचेवर छापलेल्या. त्यांवरून ब्लेड फिरलं की गेल्या. भाचा ब्लेड घेऊन वाकलाच होता, मी हात धरला. तासभर ड्रायर, ओले फडके, प्लास्टिकची जुनी पट्टी (शाळेतली, पंधरा सेंटीमीटरची, आकडे पुसलेली) असं करून फिल्म बोटभर बोटभर सोडवली. ती सुटली तेव्हा दिसलं की दोन तारा आधीच तुटलेल्या आहेत. वरून तिसरी आणि पाचवी. तुटलेली जागा अगदी सरळ, एकाच रेषेत. कुणीतरी फिल्म काचेवर ठेवून तिथेच ब्लेडने कापून मापात बसवली होती. खालच्या तारांचा विचार करायचं काम त्या पोराचं नव्हतं आणि तुम्हाला ते विचारायला सुचलं नाही. आता मागच्या काचेवर वाफ धरली की दोन आडवे पट्टे तसेच धुरकट राहतात. तारा जोडायला चांदी मिसळलेला रंग मिळतो, तो मागवला आहे. पावती सोबत जोडते आहे.

आता ‘वजना’कडे येते. ते तुमचं खरं कारण होतं आणि त्यात तथ्य होतं, हे मान्य केलं पाहिजे. काचा काळ्या होत्या तोपर्यंत कल्याण-कर्जत रस्त्यावर ट्रक जरा बाजूला व्हायचे. शेलूजवळ एकदा तर एका तरुणाने मोटारसायकलवरून नमस्कार केला. ज्याला केला तो आत नव्हता. भाजीबाजाराशी गाडी थांबली की दोनतीन जण पुढे यायचे, कोण उतरतंय बघायला. दार उघडून मी पिशवी घेऊन उतरले की त्यांचे चेहरे पडायचे. एकाने तर विचारलंही, ‘साहेब मागे आहेत का?’ मी म्हटलं, मागे दोन किलो कांदे आहेत.

या रस्त्यावर अशा गाड्या अजून भरपूर धावतात, भाऊ. पांढऱ्या, मोठ्या, काळ्या काचांच्या, मागे आडनाव नाही, नुसतं ‘दादा’ किंवा ‘भाई’. शनिवारी फार्महाऊसकडे निघालेल्याही असतात. पहिल्या गुन्ह्याला पाचशे रुपये दंड, पुढच्याला दीड हजार. ज्याची गाडी वीस लाखांची त्याला हा दंड म्हणजे वर्गणी वाटत असणार. पावती फाडणाऱ्या हवालदाराला आत कोण आहे ते काच खाली होईपर्यंत कळत नाही, आणि काच खाली होण्याआधी त्याने जे काही मनात ठरवायचं ते ठरवलेलं असतं. वजन म्हणतात ते हेच असावं. पण हे वजन बनतं कशाचं? चाळीस पैशांच्या रंगाचं आणि समोरच्याच्या भीतीचं. तुमच्याकडे त्यातलं नेमकं काय होतं ते मला अजून कळलेलं नाही. आरसीवर तुमचा व्यवसाय लिहिलेला नव्हता.

हे वजन उतरवल्याचे परिणाम आता मी भोगते आहे. काचा साफ झाल्या आणि गावाला दिसलं की आत चार जागा रिकाम्या आहेत. सकाळी कर्जतला निघते तेव्हा हुतात्मा चौकातच कुणी ना कुणी उभं असतं. ‘बाई, कोर्टात चाललेय, सोडता का?’ ‘बाई, पंचायत समितीत काम आहे.’ पूर्वी हेच लोक माझ्या गाडीकडे पाहून रस्त्याच्या कडेला सरकायचे. आमच्या दहावीच्या वर्गाला कळलं आहे की मी सिग्नल नसलेल्या ठिकाणी गाणी म्हणते. एका विद्यार्थिनीने ते घरी आईला सांगितलं आणि आईने पालकसभेत मला विचारलं, कोणतं गाणं. गेल्या गुरुवारी एक आजी मागे बसल्या आणि भिवपुरीपर्यंत मला सुनेबद्दल सांगत होत्या. काळ्या काचांत ही सून मला कधी कळली नसती.

घाटातलं मात्र सुधारलं. मघाच्या त्याच टॅक्सीवाल्याने परवा वळणावर मान हलवून मला आधी जाऊ दिलं. तो खाली येत होता, मी चढत होते, म्हणजे नियमाप्रमाणे वाट माझीच होती. तरी त्याने उपकार केल्यासारखा चेहरा केला. मी दोन बोटं उचलली.

आता कामाचं. गाडी माझ्या नावावर करायला कागद दिले तेव्हा कळलं की तिच्यावर एक ई-चलान थकलेलं आहे. तारीख व्यवहाराच्या आधीची. गुन्हा: काळ्या काचा. रक्कम पाचशे रुपये. फोटोत गाडीचा नंबर स्पष्ट आहे, काचेतून माणूस दिसत नाही, पण त्या महिन्यात गाडी कोणाकडे होती याबद्दल आरसीला शंका नाही. ते भरल्याशिवाय माझं काम पुढे सरकणार नाही, असं आरटीओच्या खिडकीवरच्या माणसाने सांगितलं. मी त्याला म्हटलं, फिल्म तर काढली. तो म्हणाला, चलान फिल्मचं नाही, गाडीचं आहे.

तेव्हा हिशोब असा: चलान पाचशे, चांदीच्या रंगाची ट्यूब साडेतीनशे, भाच्याची भेळ आणि दोन वेळचा चहा एकशे चाळीस (त्याने जास्त मागितले होते). ड्रायर आणि ऊन यांचं भाडं धरलेलं नाही. चलान भरायची लिंक तुमच्या नंबरावर पाठवली आहे. दोन निळ्या खुणा आल्या, म्हणजे फोन बंद नाही, फक्त माझ्यासाठी लागत नाही. शनिवारपर्यंत भरलं नाहीत तर मी भरेन, कारण मला सोमवारी आरटीओत पुन्हा हेलपाटा घालायचा नाही. त्यानंतर मात्र सोललेली पाचही काचांची फिल्म, एकाच गुंडाळीत, तुमच्या आरसीवरच्या पत्त्यावर पार्सल करेन. डिंक अजून ओला आहे, उघडताना जपा.

आपली,
नेरळची गिऱ्हाईक